कर्करोग रुग्णांसाठी मनोसामाजिक सेवा : "याने आयुष्य वाढते का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

प्रश्न : समाजसेवा_विभाग

मराठवाड्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या कर्करोग विभागात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. शस्त्रक्रिया, केमो आणि लाइट (किरणोपचार) या तिन्ही सोयी आमच्याकडे आहेत. मात्र रुग्णाच्या मनाची, घराची आणि खिशाची विचारपूस करणारी स्वतंत्र व्यवस्था नाही. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतात आणि तेही संपूर्ण रुग्णालयासाठी. अशी सेवा सुरू करण्याचा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला तो असा : "याने रुग्णाचे आयुष्य वाढते का? वाढत असेल तर पैसे मिळतील." स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांना गटचर्चेत बसवल्यामुळे त्या दुप्पट जगल्या, असे संशोधन अमेरिकेत झाल्याचे एका विश्वस्तांनी वाचले होते. प्रस्तावात ठळकपणे तेच लिहावे, असा त्यांचा आग्रह आहे.

मला हे खटकते, आणि त्याचे कारण रोजच्या कामातले आहे. "मन खंबीर ठेव, तू लढलीस तर बरी होशील" असे रुग्णाला घरचे सांगतात, शेजारी सांगतात, कधी कधी आमचे कर्मचारीही सांगतात. आजार पुन्हा उलटला की तीच बाई मला विचारते, "माझंच मन कच्चं पडलं का?" आयुष्य वाढवण्याचे आश्वासन देऊन आम्ही सेवा सुरू केली, तर हा अपराधभाव आम्हीच छापील स्वरूपात वाटू, अशी भीती वाटते.

यासाठी जाणकारांनी कृपया सांगावे की त्या गटचर्चेच्या संशोधनाचे पुढे काय झाले, आयुष्याची लांबी बाजूला ठेवली तर या सेवेच्या बाजूने भक्कम म्हणावा असा कोणता पुरावा आहे, आणि मनोविकारतज्ज्ञ जवळजवळ नसतानाही अशी सेवा उभी राहू शकते का. मराठीत वापरता येतील अशा प्रश्नावल्यांविषयीही मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर : मनोविकार_पुणे

ताई, आपल्याला खटकले ते योग्यच आहे, आणि या विषयाचा इतिहास आपल्या बाजूने उभा राहतो.

विश्वस्तांनी वाचलेला अभ्यास स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगेल यांचा असावा. तो १९८९ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरात अन्यत्र पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचे दोन गट केले होते. त्यांपैकी एका गटातील स्त्रिया वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून भीती, मृत्यू, नवरा, मुले आणि वेदना यांविषयी मोकळेपणाने बोलत असत. त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि दुसऱ्या गटातील स्त्रिया १८.९ महिने. 'दुप्पट' हा शब्द येथूनच आला. त्यानंतर १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या फवझी यांनी त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाच्या ६८ रुग्णांवर केलेल्या कामातही असाच निष्कर्ष दिसला : सहा वर्षांत गटात बसलेल्या ३४ पैकी ३ जण दगावले, तर न बसलेल्या ३४ पैकी १० जण. एवढी आशा निर्माण झाल्यावर हेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहणे क्रमप्राप्त होते.

ते झाले आणि आशा टिकली नाही. कॅनडात पामेला गुडविन यांनी स्पीगेल यांचीच पद्धत २३५ स्त्रियांवर वापरली. २००१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार गटातील स्त्रियांचा मध्यक जीवनकाल (म्हणजे निम्म्या स्त्रिया ज्यापेक्षा जास्त जगल्या तो कालावधी) १७.९ महिने आणि इतरांचा १७.६ महिने होता, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. ऑस्ट्रेलियात डेव्हिड किसेन यांच्या २००७ मधील अभ्यासातही आयुष्य वाढले नाही. त्याच वर्षी खुद्द स्पीगेल यांनी १२५ स्त्रियांवर केलेल्या पुनर्प्रयोगातही एकूण गटात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासून, तो उभा राहिला नाही हे प्रसिद्ध करणारे संशोधक विरळाच असतात, म्हणून त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. त्यांचे १९८९ चे आकडे मात्र २००७ नंतर कोणत्याही प्रस्तावात ठळकपणे छापणे हे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

'लढाऊ वृत्ती'ची गोष्टही अशीच आहे. लंडनमध्ये स्टीव्हन ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या थोड्या स्त्रियांचे निरीक्षण करून सांगितले की ज्यांनी आजाराशी लढण्याची वृत्ती दाखवली त्यांची स्थिती पुढे बरी राहिली. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, मॅगी वॉटसन यांनी ५७८ स्त्रियांवर हेच तपासले (या कामात ग्रीअर स्वतः सहभागी होते). लढाऊ वृत्तीने आयुष्यात काही फरक पडला नाही. टोकाची हताशा असलेल्या स्त्रियांमध्ये मात्र थोडा प्रतिकूल परिणाम दिसला. स्वभावामुळे कर्करोग होतो का, हेही पाहिले गेले आहे. २०१० साली स्वीडन आणि फिनलंडमधील जुळ्या भावंडांपैकी ५९,५४८ जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहिर्मुखता किंवा चिंताळू स्वभाव यांचा कर्करोग होण्याशी संबंध आढळला नाही. "माझंच मन कच्चं पडलं का?" असे विचारणाऱ्या त्या बाईंना आपण निःशंक मनाने 'नाही' असे सांगू शकता. माझ्या मते प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हेच यायला हवे.

आता भक्कम पुराव्याकडे येतो. वर सांगितलेल्या 'अपयशी' अभ्यासांतच तो पहिल्यांदा दिसतो, पण आयुष्याच्या आकड्याकडे सगळ्यांचे डोळे लागल्यामुळे त्याची चर्चा कमी झाली. गुडविन यांच्या अभ्यासात गटातील स्त्रियांचे मानसिक क्लेश आणि वेदनेची जाणीव कमी झाली, आणि विशेष म्हणजे हा लाभ मुख्यत्वे त्यांना झाला ज्या सुरुवातीलाच अधिक त्रस्त होत्या. किसेन यांच्या अभ्यासात नैराश्याच्या विकाराला आळा बसला. याचा व्यवहारातील अर्थ असा की प्रत्येक रुग्णाला सरसकट समुपदेशनाला बसवण्यापेक्षा ज्याला खरोखर त्रास होत आहे त्याला शोधून त्याच्यावर वेळ खर्च करावा.

असे रुग्ण किती असतात? अॅलेक्स मिचेल यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण मांडले. कर्करोग विभागांतील रुग्णांपैकी १६.३ टक्क्यांना नैराश्य, १९.४ टक्क्यांना जुळवून घेण्यातील विकार आणि १०.३ टक्क्यांना चिंताविकार होता. एकाच रुग्णाला दोन विकार असू शकतात हे धरून कोणता ना कोणता मनोविकार असलेल्यांचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास होते. याचाच दुसरा अर्थ असा की बहुसंख्य रुग्णांना निदान करण्याजोगा मनोविकार नसतो. त्यांना वाटणारे दुःख स्वाभाविक असते आणि त्याला औषधाची नव्हे, माणसाची गरज असते. विश्वस्तांपुढे दोन्ही बाजू मांडाव्यात.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो स्कॉटलंडमधील मायकेल शार्प आणि जेन वॉकर यांचा २०१४ चा प्रयोग. कर्करोग आणि तीव्र नैराश्य असे दोन्ही असलेल्या ५०० बाह्यरुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना आणि कर्करोगतज्ज्ञांना नैराश्याचे निदान कळवले गेले. उरलेल्यांना प्रशिक्षित परिचारिकांनी मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठरावीक पद्धतीने सेवा दिली. चोवीस आठवड्यांनी नैराश्याची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १७ टक्के आणि दुसऱ्यात ६२ टक्के होते. मनोविकाराच्या उपचारांत एवढे मोठे अंतर क्वचितच पाहायला मिळते. याच चमूने त्या सुमारास दाखवून दिले होते की तीव्र नैराश्य असलेल्या कर्करोग रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना त्यासाठी परिणामकारक ठरेल असा कोणताही उपचार मिळत नव्हता. ही स्थिती सरकारी आरोग्यसेवा घरोघर पोहोचलेल्या देशातली आहे, हे लक्षात घ्यावे.

उत्तर : संख्याशास्त्र_विद्यार्थी

डॉक्टरांनी मांडलेला इतिहास बरोबर आहे. तरीही निकाल पूर्णपणे एकतर्फी असल्याचा समज होऊ नये म्हणून थोडी भर घालतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात बार्बरा अँडरसन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील २२७ स्त्रियांवर प्रयोग केला. सुमारे अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, मानसशास्त्रीय गटात असलेल्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण कमी असल्याचे त्यांनी २००८ मध्ये नोंदवले. हा अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे आणि त्याला निकालात काढता येत नाही. पण त्या गटात व्यायाम, आहार आणि औषधे नियमित घेणे हेही शिकवले जात असे, त्यामुळे लाभ नेमका कशाचा हे वेगळे करणे अवघड आहे.

१९८९ च्या निष्कर्षाबाबत एक आक्षेप संख्याशास्त्राच्या अंगाने उद्बोधक आहे. बर्नार्ड फॉक्स यांनी दाखवले की त्या अभ्यासातील तुलना-गटाच्या (म्हणजे गटचर्चेत न बसलेल्या) स्त्रिया त्याच भागातील तशाच इतर रुग्णांच्या मानानेही कमी जगल्या होत्या. म्हणजे गटचर्चेतील स्त्रिया जास्त जगल्या यापेक्षा दुसऱ्या गटात योगायोगाने अधिक गंभीर रुग्ण आले, ही शक्यता मोठी ठरते. तुलना-गटात केवळ ३६ स्त्रिया असताना असे घडणे मुळीच नवलाचे नाही. शिवाय, जगण्याचा कालावधी मोजणे हा मूळ अभ्यासाचा हेतूच नव्हता.

विश्वस्त कदाचित दोन इतर अभ्यास समोर ठेवतील, त्यासाठी तयार राहावे. बॉस्टनमध्ये जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लगेच उपशामक सेवा, म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करणारी सेवा, जोडून दिली (२०१०). नैराश्याची लक्षणे १६ टक्क्यांत दिसली, इतरांत ३८ टक्क्यांत. शेवटच्या काळातील आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही मध्यक जीवनकाल ११.६ महिने होता, इतरांचा ८.९ महिने. न्यूयॉर्कमध्ये ईथन बॅश यांच्या ७६६ रुग्णांच्या प्रयोगात रुग्णांनी स्वतःची लक्षणे संगणकावर नोंदवायची आणि त्रास वाढला की परिचारिकेला लगेच सूचना जायची, एवढीच व्यवस्था होती. तेथे मध्यक जीवनकाल ३१.२ महिने आणि नेहमीच्या पद्धतीत २६ महिने होता (२०१७). या दोन्हींमध्ये वेदना, उलट्या, धाप अशा शारीरिक लक्षणांवर वेळेत इलाज होत होता. त्यांना 'समुपदेशनाने आयुष्य वाढले' या खात्यावर जमा करता येत नाही.

आणि जे बॉस्टनमध्ये घडले ते मुंबईत घडेलच असे नाही. डोके आणि मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १८० रुग्णांवर टाटा मेमोरियलमध्ये लवकर उपशामक सेवा देण्याचा यादृच्छिक प्रयोग (कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेला) झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे जीवनमान, लक्षणांचा भार आणि आयुष्य या तिन्हींत फरक आढळला नाही. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण भरपूर असल्याने हा निकाल प्रस्तावात प्रामाणिकपणे नमूद करावा, असे मला वाटते. नेहमीच्या उपचारांतच वेदनेची आणि आहाराची चांगली काळजी घेतली जात असेल, तर वेगळ्या सेवेचा लाभ उठून दिसत नाही, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

प्रश्नावल्यांविषयी : 'डिस्ट्रेस थर्मामीटर' म्हणजे मानसिक क्लेश मोजणारे शून्य ते दहा अंकांचे चित्र आणि सोबत अडचणींची यादी, चार किंवा अधिक अंक आले तर पुढे चौकशी करावी, असा संकेत आहे. चिंता आणि नैराश्य मोजणारी चौदा प्रश्नांची 'हॅड्स' श्रेणी १९८३ पासून वापरात आहे. तीत भूक, वजन, थकवा यांविषयी प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण ही लक्षणे आजाराची आणि केमोचीही असतात. नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' मोफत आहे आणि मराठीतही मिळते, पण तीत झोप, भूक आणि थकवा मोजले जात असल्याने केमो चालू असताना अंक फुगू शकतात. जीवनमानासाठी युरोपीय संस्थेची तीस प्रश्नांची 'क्यूएलक्यू-सी३०' आणि तिची डोके-मानेची पुरवणी यांची हिंदी व मराठी रूपे टाटा मेमोरियलमध्ये तपासली गेली असून त्याविषयीचा लेख २००५ मध्ये आला आहे. निरक्षर रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागतील आणि त्या वेळी नातेवाईक शेजारी बसलेला नसावा. नाहीतर उत्तर नातेवाइकाचे मिळते.

आणखी एक इशारा. केवळ प्रश्नावली भरून घेतल्याने काही साधत नाही. ब्रिस्टलमधील विल्यम हॉलिंगवर्थ यांच्या २२० रुग्णांच्या प्रयोगात (२०१३) थर्मामीटर आणि अडचणींची यादी वापरून चर्चा केल्यावरही रुग्णांचे क्लेश नेहमीच्या सेवेच्या मानाने कमी झाले नाहीत. स्कॉटलंडमधील १७ टक्केही तेच सांगतात : डॉक्टरांना निदान कळवले, आणि पुढे फारसे काही घडले नाही. 'शंभर टक्के रुग्णांची मानसिक तपासणी' असे उद्दिष्ट विश्वस्तांना फार आवडेल. ते मान्य करू नये. सापडलेल्या त्रस्त रुग्णांपैकी किती जणांना प्रत्यक्ष सेवा मिळाली आणि तीन महिन्यांनी त्यांचे अंक किती उतरले, हेच मोजावे.

उत्तर : लेक_लातूरकर

मी या क्षेत्रातली नाही. माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग होता आणि त्यांच्या उपचारांसाठी आम्ही मुंबईला राहिलो होतो. वरची चर्चा वाचून मला असे सुचवावेसे वाटते की प्रस्तावात 'मनो' इतकेच वजन 'सामाजिक'ला मिळावे.

बाबांना पहिल्याच भेटीत एका समुपदेशकांनी विचारले होते, "तुम्हाला उदास वाटतं का?" बाबा "नाही, सगळं बरं आहे" म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. आयुष्यभर शेती केलेला माणूस अनोळखी माणसापुढे 'मी उदास आहे' असे कसे म्हणेल? पुढे दुसऱ्या एका ताईंनी विचारले, "राहायला कुठे आहात, गावाकडे रानात कोण बघतंय, परत जायचं तिकीट निघालं का?" तेव्हा बाबा बराच वेळ बोलले, आणि बोलता बोलता शस्त्रक्रियेनंतर आपला चेहरा नातवंडांना ओळखू येईल का, ही भीती आपोआप बाहेर आली. आम्हाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली होती. तेथे आपल्यासारखेच दहा जण जबड्यावर पट्टी बांधून, नळीने दूध घेताना पाहिल्यावर बाबांचा लाजरेपणा जेवढा कमी झाला तेवढा कोणत्याही बैठकीने झाला नसता, असे माझे मत आहे. तज्ज्ञ याला संशोधन म्हणणार नाहीत, पण सेवा आखताना राहण्याची सोय, कागदपत्रे, योजनेची मंजुरी आणि प्रवासखर्च यांकडे 'ही आमच्या विषयाबाहेरची कामे' म्हणून पाहू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे लपवाछपवी. आजार बाबांना कळू द्यायचा नाही, असे माझ्या काकांनी डॉक्टरांना सांगून ठेवले होते, आणि बाबांना तो कळल्याचे आम्हाला कळू नये म्हणून बाबाही गप्प राहिले होते. दोन्हीकडून प्रेमच होते. पण त्यामुळे जमिनीचे, कर्जाचे आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाचे बोलणे राहून गेले. आपल्या सेवेत या गाठी सोडवण्याची काही रीत असावी.

समाजसेवा_विभाग (मूळ प्रश्नकर्ती)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लेक_लातूरकर ताई, आपण सांगितलेली लपवाछपवी आमच्याकडे जवळजवळ रोजच असते. नातेवाईक केबिनबाहेर गाठून सांगतात, "पेशंटला काही बोलू नका." माणसे आणायची कुठून, हा प्रश्न मात्र अजून उरतोच. स्कॉटलंडमध्ये परिचारिका होत्या; आमच्या परिचारिका डे-केअरमध्ये केमो लावण्यातच पूर्ण गुंतलेल्या असतात.

उत्तर : समुपदेशन_गोवा

याचे एक उत्तर आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेने विक्रम पटेल यांच्यासोबत जे काम केले त्यात नैराश्याची सेवा देणारे लोक डॉक्टर किंवा मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते स्थानिक भाषा बोलणारे, साधे शिक्षण झालेले आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेले लोक होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ४९५ नैराश्यग्रस्तांवरील प्रयोग २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम' या नावाने सहा ते आठ बैठका होत. त्यांत माणसाने सोडून दिलेली कामे आणि भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करण्यावर भर असे. तीन महिन्यांनी या सेवेतील ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीच्या सेवेतील ३९ टक्के. हे रुग्ण कर्करोगाचे नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्या विभागाला लावता येणार नाहीत. पण स्कॉटलंडचा निकाल आणि गोव्याचा निकाल शेजारी ठेवले की सेवेचा सांगाडा दिसतो : लिहून ठेवलेली, थोडक्यात संपणारी पद्धत, ती शिकलेला, रुग्णाच्या भाषेत बोलणारा माणूस, आणि त्याच्या कामावर नियमित नजर ठेवणारा तज्ज्ञ. आपले आठवड्यातून एकदा येणारे मनोविकारतज्ज्ञ स्वतः वीस रुग्ण तपासण्याऐवजी तोच वेळ दोन समुपदेशकांच्या नोंदी तपासण्यासाठी देतील, तर सेवा अनेक पटींनी पोहोचेल. त्यांना हे पटवून देणे सोपे जाणार नाही, हेही सांगून ठेवतो.

लेक_लातूरकर यांचे म्हणणे 'संशोधन नाही' असे मी म्हणणार नाही. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील संतोष चतुर्वेदी यांनी १९९१ मध्ये नेमके हेच विचारले होते की भारतीय माणसांच्या दृष्टीने चांगल्या जीवनमानात काय येते. मनःशांती, आध्यात्मिक समाधान आणि कुटुंबातील सुख यांना लोकांनी शारीरिक कार्यक्षमतेपेक्षा वरचे स्थान दिले. युरोपात तयार झालेल्या प्रश्नावलीत लांबवर चालता येते का, जड पिशवी उचलता येते का, असे प्रश्न पुढे असतात. ते उपयोगी आहेतच. पण सोबत आपले तीन-चार प्रश्न असू द्यावेत : घरातल्यांशी बोलणे होते का, देवधर्माचे नेहमीचे नेम पाळता येतात का, कोणाचे देणे मनाला लागून आहे का.

लपवाछपवीविषयी माझा अनुभव असा आहे की नातेवाइकांशी 'रुग्णाचा हक्क' या भाषेत वाद घातला की ते रुग्णालाच दूर नेतात. त्याऐवजी त्यांना आधी विचारावे की रुग्णाला काय ठाऊक आहे असे तुम्हाला वाटते, आणि सांगितले तर नेमके काय होईल याची भीती वाटते. मग नातेवाइकांच्या संमतीने रुग्णाला एकच प्रश्न विचारावा : "आपल्या आजाराविषयी आपल्याला किती माहिती हवी आहे?" वाईट बातमी सांगण्याच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'स्पाइक्स' या सहा पायऱ्यांच्या पद्धतीतही रुग्णाला काय कळले आहे आणि किती ऐकायचे आहे, हे विचारण्याच्या पायऱ्या सांगण्याच्या आधी येतात. काही रुग्ण खरोखरच "मुलाला सांगा" म्हणतात, आणि तेही मान्य करावे.

आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या रुग्णाचे काय करायचे, हे मात्र पहिल्या दिवसापूर्वी कागदावर ठरलेले हवे : कोणाला फोन करायचा, रुग्णाला एकटे सोडायचे नाही, घरी औषधांचा साठा कोणाच्या ताब्यात द्यायचा. रुग्णालय बंद असतानाच्या वेळेसाठी शासनाची 'टेली-मानस' ही फोनवरून मानसिक आधार देणारी १४४१६ क्रमांकाची सेवा २०२२ पासून चालू आहे. तो क्रमांक केसपेपरवरच छापून घ्यावा.

उत्तर : मनोविकार_पुणे

गोव्याच्या मित्रांशी मी सहमत आहे. फक्त प्रशिक्षणाच्या मसुद्यात घालण्यासारख्या दोन वैद्यकीय बाबी सांगतो, कारण बिगर-डॉक्टर समुपदेशक त्यांवर अडखळू शकतात.

कर्करोग विभागात 'उदास' दिसणारा प्रत्येक जण नैराश्यग्रस्त नसतो. अंगावर काढलेली वेदना, स्टेरॉइड, रक्तातील वाढलेले कॅल्शियम, मानेला लाइट दिल्यानंतर मंदावलेली थायरॉइड ग्रंथी यांमुळेही माणूस गप्प आणि सुस्त होतो. दोन दिवसांत अचानक बदललेला, दिवस-रात्रीचे भान हरपलेला रुग्ण तर बहुधा भ्रमावस्थेत असतो. त्याला समुपदेशनाची नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासण्याची गरज असते. समुपदेशकाच्या नोंदवहीत वेदनेचा रकाना मनःस्थितीच्या रकान्याच्या आधी असावा.

दुसरी बाब औषधांची. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला नैराश्यासाठी पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुऑक्सेटीन सुरू केले, तर यकृतात टॅमॉक्सिफेनचे क्रियाशील रूप तयार होण्यात अडथळा येतो. त्यामुळे अशा वेळी सहसा व्हेन्लाफॅक्सीनसारखे दुसरे औषध निवडतात. गावाकडच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली गोळी रुग्ण अनेकदा सांगत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत घरातील सगळ्या औषधांची पिशवी मागवून तिच्यातील नावे केसपेपरवर उतरवण्याचे काम समुपदेशकाकडेच द्यावे, आणि चालू गोळी रुग्णाने स्वतःहून एकदम बंद करू नये हेही तेव्हाच सांगावे.